कॉम्प्लेक्स-१ नसलेलं बांडगूळ

२०१५ साली दोन वेगवेगळ्या गटांनी बांडगुळाच्या मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, डीएनए वाचून काढला. कोपनहेगनच्या गटाने घेतलं होतं युरोपातलं बांडगूळ, व्हिस्कम आल्बम. पांढऱ्या मोत्यांसारखी फळं धरणारं, नाताळात तिकडे दारावर टांगतात ते. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या जेफ्री पामर यांच्या गटाकडे होतं आग्नेय आशियातलं व्हिस्कम स्करुलॉइडियम. त्याचा मायटोकॉन्ड्रियातला जीनोम जेमतेम ६६ हजार अक्षरांचा निघाला. प्रयोगशाळांतली नेहमीची वनस्पती ॲराबिडॉप्सिस, तिचा ३ लाख ६७ हजारांचा आहे. वनस्पतींत हा जीनोम लहान-मोठा असायचाच, त्याचं कोणाला फारसं नवल नाही. खटकलं ते वेगळंच. ‘नॅड’ गटातली नऊ जनुकं दोन्हीकडे शोधूनही सापडेनात. एखाद-दुसरं नव्हे, नऊच्या नऊ गायब.

ही नऊ जनुकं ज्या यंत्राचा गाभा बनवतात त्याला कॉम्प्लेक्स-१ म्हणतात. अन्नातली ऊर्जा टप्प्याटप्प्याने काढून घेणाऱ्या श्वसनसाखळीचं मुख्य दार म्हणायला हरकत नाही. बहुपेशीय सजीव त्याच्यावाचून जगतो असं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. यीस्टचं चालतं, पण यीस्ट एकपेशीय. काही एकपेशीय परजीवींचंही चालतं. पानं-फुलं-फळं असलेलं, पंचवीस-तीस वर्षं झाडावर ठाण मांडून बसणारं झुडूप मात्र या यादीत कोणीच धरलं नव्हतं.

एम.एस्सी.च्या वर्गाला श्वसनसाखळी शिकवताना मी हे प्रकरण मुद्दाम शेवटी घेतो. आधी पाठ्यपुस्तकातली आकृती पाठ होऊ द्यायची, पाच चौकोन, मधले बाण, आणि मग पहिला चौकोन फळ्यावरून पुसून टाकायचा.

हिशेब साधा आहे. अन्न जाळताना तयार झालेला एनएडीएच हा रेणू आपले दोन इलेक्ट्रॉन कॉम्प्लेक्स-१ ला देतो. ते पुढे कॉम्प्लेक्स-३ आणि कॉम्प्लेक्स-४ मधून जात ऑक्सिजनपर्यंत पोचतात. या वाटेवर मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलले जातात: पहिल्या ठिकाणी ४, तिसऱ्यात ४, चौथ्यात २. एकूण १०. हेच प्रोटॉन परत आत येताना कॉम्प्लेक्स-५ त्यांच्याकडून एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनवून घेतो. (कॉम्प्लेक्स-२ इलेक्ट्रॉन आत सोडतो, प्रोटॉन ढकलत नाही.) पहिला चौकोन पुसला की १० चे ६ राहिले. दर एनएडीएच मागे ४० टक्के कमाई गेली.

मग असं यंत्र टाकून का द्यावं? त्याचं उत्तर मला वाटतं यंत्राच्या कामात कमी आणि त्याच्या जुळणीत जास्त आहे. म्हणून थोडा वेळ तिथेच थांबू.

वनस्पतींतला कॉम्प्लेक्स-१ सुमारे १००० किलोडाल्टनचा (हे रेणूंच्या वजनाचं माप) आणि जवळजवळ पन्नास प्रथिनांचा असतो. आकार इंग्रजी एल अक्षरासारखा: एक हात पटलात आडवा रुतलेला, दुसरा आतल्या द्रवात उभा. यातली नऊ प्रथिनं मायटोकॉन्ड्रियातच बनतात. उरलेल्या चाळीसएक प्रथिनांची जनुकं केंद्रकात. ती प्रथिनं बाहेर पेशीद्रवात बनून, पत्ता लावून, आत पाठवली जातात. म्हणजे दोन कार्यालयांतून दोन वेगळ्या वेळापत्रकांनी माल येणार आणि तो एकाच जागी, नेमक्या क्रमाने बसणार. शिवाय उभ्या हातात लोह-गंधकाचे पुंजके असतात, तेही वेळेवर बसवायचे.

वनस्पतींनी यात आपली भर घालून ठेवली आहे. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात जनुक सलग असतं, वाचलं की झालं. वनस्पतीत नॅड-१, नॅड-२ आणि नॅड-५ ही जनुकं चक्क तुकड्यांत विखुरलेली असतात. तुकडे जीनोमच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत पडलेले, प्रत्येकाची स्वतंत्र आरएनए प्रत निघते, आणि मग त्या प्रती एकमेकींना शोधून जोडल्या जातात. नॅड-५ चा मधला एक तुकडा फक्त २२ अक्षरांचा आहे. पूर्वी फाटलेली नोट चिकटवून चालवायचे, त्यातलाच हा प्रकार, फक्त एक चिटोरा नखाएवढा. तेवढ्यावर भागत नाही. जोडलेल्या प्रतीतली ठरावीक ‘सी’ अक्षरं बदलून ‘यू’ करावी लागतात, नाहीतर प्रथिन चुकीचं बनतं. ॲराबिडॉप्सिसच्या मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनांच्या जनुकांत अशा ४४१ दुरुस्त्या १९९९ मध्ये मोजल्या गेल्या. या सगळ्या कारकुनीसाठी केंद्रकाने पीपीआर नावाच्या प्रथिनांची फौज पाळलेली आहे. ॲराबिडॉप्सिसमध्ये ती साडेचारशेच्या आसपास. यातलं एखादं बिघडलं तर बऱ्याचदा पहिला फटका कॉम्प्लेक्स-१ लाच बसतो, कारण सर्वांत जास्त तुकडे आणि सर्वांत जास्त जोडण्या त्याच्याच.

आता प्रत्यक्ष जुळणी. ती पाहायला सोपी जागा म्हणजे मोड आलेले मूग. प्रात्यक्षिकाला आम्ही मूग अंधारात चार-पाच दिवस वाढवतो. उसळीसाठी आणतो त्यापेक्षा मोड बरेच लांब होऊ द्यायचे. पांढरट-पिवळे दांडे कापायचे, बर्फात गार केलेल्या बफरमध्ये वाटायचे, मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि आधी हळू, मग जोरात सेंट्रिफ्यूज फिरवायचा. नळीच्या बुडाशी फिकट तपकिरी गोळी बसते, ती मायटोकॉन्ड्रियाची. अंधारात का, तर हिरवा रंग आणि हरितलवकं मध्ये लुडबुड करत नाहीत. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या जेम्स लेट्स यांच्या प्रयोगशाळेने अशाच अंधारात वाढवलेल्या मुगातून कॉम्प्लेक्स-१ चं अर्धवट जुळलेलं रूप वेगळं काढलं आणि अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली २०२० मध्ये त्याची अणुपातळीवरची रचना मांडली. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका गटाने असंच अर्धवट रूप फ्लॉवरच्या गड्ड्यातून काढलं. वनस्पतींतला कॉम्प्लेक्स-१ कसा बांधला जातो हे जगाला मूग आणि फ्लॉवर यांनी दाखवलं, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी जरा जास्तच वेळ सांगतो.

या अर्धवट रूपात आडव्या हाताचा टोकाकडचा भाग अजून बसलेला नसतो. फ्लॉवरमधल्या रूपात त्या उघड्या टोकावर एक अनोळखी पाहुणा चिकटलेला दिसतो. तो म्हणजे गॅलॅक्टोनोलॅक्टोन डिहायड्रोजनेज, व्हिटॅमिन सी बनवण्याच्या साखळीतलं शेवटचं एन्झाइम. व्हिटॅमिनचं काम तो करतोच. पण स्लॅब ओतताना खाली बल्ली लावतात तसा तो इथे टेकू म्हणूनही उभा राहतो, आणि पुढचा तुकडा आला की बाजूला होतो. पूर्ण झालेल्या यंत्रात तो नसतो. हे एन्झाइमच नसलेल्या ॲराबिडॉप्सिसमध्ये कॉम्प्लेक्स-१ साठत नाही, हे त्याआधी २००८ मध्येच दिसलं होतं.

जुळणीची सुरुवात होते ती आडव्या हाताच्या एका तुकड्यापासून, आणि त्यावर कार्बोनिक ॲनहायड्रेजच्या घराण्यातल्या प्रथिनांचं एक त्रिकूट बसलेलं असतं. हे त्रिकूट प्राण्यांच्या कॉम्प्लेक्स-१ मध्ये नाही. पुढचे टप्पे बिघडलेल्या ॲराबिडॉप्सिसमध्ये अडकून पडलेले सापडले: २०० किलोडाल्टन, ४००, ४५०, ६५०. कुठलं जनुक बिघडवलं की जुळणी कुठे अडते हे पाहत पाहत पायऱ्यांचा क्रम लावला गेला. अशी कॉम्प्लेक्स-१ हरवलेली ॲराबिडॉप्सिसची रोपं मरत नाहीत हेही इथेच कळलं. उशिरा रुजतात, खुरटी राहतात, फुलाला वेळ लावतात, पण जगतात. तंबाखूच्या एका जातीत नॅड-७ गेलेलं झाड सापडलं आहे, त्याला परागकण धड होत नाहीत. माणसात हेच बिघडलं तर मूल लेह सिंड्रोमसारख्या गंभीर आजाराला तोंड देतं. वनस्पती तग धरते ती एका चोरवाटेमुळे, तिच्याकडे पुढे येतो.

परत बांडगुळाकडे. जनुकं सापडली नाहीत म्हणजे यंत्र नाही, असं २०१५ मध्ये ठामपणे म्हणता येत नव्हतं, आणि दोन्ही गट तिथे सावध राहिले ते बरोबरच होतं. मायटोकॉन्ड्रियातलं जनुक केंद्रकात निघून जाणं ही वनस्पतींत जुनी सवय आहे. कॉम्प्लेक्स-४ चं कॉक्स-२ हे जनुक चवळीत आणि मुगात केंद्रकात गेलेलं आहे. ते १९९१ मध्ये दाखवलं याच पामर यांच्या प्रयोगशाळेने. तेव्हा बिऱ्हाड हललं असेल, अशी शंका घ्यायला पूर्ण जागा होती. फक्त एक अडचण: नॅड प्रथिनांतली बहुतेक अतिशय तेलकट, पटलात रुतून बसणारी. पाणथळ पेशीद्रवात बनवून ती आत ओढणं कठीण. एखादं जाईल, नऊच्या नऊ जातील हे पटत नव्हतं. केंद्रकाचा जीनोम वाचून सोक्षमोक्ष लावावा, तर तो ॲराबिडॉप्सिसच्या सुमारे ६०० पट मोठा. त्या वाटेने तेव्हा कोणी गेलं नाही. यंत्रच आहे का ते बघावं, हा सरळ मार्ग उरला.

मे २०१८ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’च्या एकाच अंकात दोन निबंध पाठोपाठ आले. एक हॅनोव्हरच्या हान्स-पेटर ब्राऊन यांच्या गटाचा, दुसरा इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरमधून यानेके बाल्क यांच्या गटाचा.

इथे पद्धत जरा जवळून बघण्यासारखी आहे. मायटोकॉन्ड्रियाचं पटल सौम्य डिटर्जंटने विरघळवायचं, इतकं सौम्य की प्रथिनांची जुळलेली यंत्रं, म्हणजे संकुलं, मोडता कामा नयेत. मग कूमासी हा निळा रंग मिसळायचा. तो प्रथिनांना चिकटून त्यांना ऋण भार देतो, पण त्यांची जुळणी सोडवत नाही. विजेवर जेलमधून पळवलं की अख्खी संकुलं आकारमानाप्रमाणे थांबत जातात: मोठी वर, लहान खाली. या निळ्या जेलची पद्धत १९९१ ची. ॲराबिडॉप्सिसच्या रांगेत १००० किलोडाल्टनपाशी ठसठशीत निळी रेघ उमटते आणि तिच्या वर १५०० पाशी आणखी एक, कॉम्प्लेक्स-१ आणि ३ हातात हात घालून बसतात त्यांची. कॉम्प्लेक्स-१ ची खात्री करायची तर जेलची पट्टी एनएडीएच आणि टेट्राझोलियमच्या द्रावात बुडवून ठेवतात. यंत्र जिवंत असेल तर रेघ काही मिनिटांत जांभळी होऊ लागते. पहिल्यांदा हे बघणारं पोर हमखास मोबाइल काढून फोटो घेतं.

बांडगुळाच्या रांगेत कॉम्प्लेक्स-१ ची रेघ नव्हती. १००० पाशीही नाही, १५०० पाशीही नाही.

माझ्यासारखा संशयी माणूस इथे म्हणणार, तयारीत मोडलं असेल. बांडगूळ चिवट आणि चिकट. त्याच्या चिकाचा पूर्वी पक्षी पकडायला उपयोग करत. अशा पानांतून नाजूक संकुलं शाबूत मिळाली कशावरून? उत्तर त्याच जेलमध्ये होतं. कॉम्प्लेक्स-३ आणि ४ यांची जोडगोळी बांडगुळात शाबूत होतीच, उलट नेहमीपेक्षा जास्त घट्ट होती. तयारी वाईट असती तर आधी ती सुटली असती. पुढे रांगेचे बारीक काप करून प्रत्येक काप वस्तुमानमापीतून तपासला गेला. कॉम्प्लेक्स-१ चं यंत्र कुठल्याच कापात भेटलं नाही. अर्धवट जुळलेलं २०० किंवा ४५० चं रूपही नाही. बिघडलेल्या ॲराबिडॉप्सिसमध्ये भंगार तरी सापडतं. इथे कारखानाच बंद होता. नॉरिचच्या गटाला केंद्रकातली कॉम्प्लेक्स-१ ची जनुकंही हरवलेली दिसली. म्हणजे बिऱ्हाड हललेलं नव्हतं. बिऱ्हाडच उरलेलं नव्हतं.

गंमत अशी की नुकसान पहिल्या चौकोनापुरतं राहिलं नाही. कॉम्प्लेक्स-२ आणि एटीपी बनवणारा कॉम्प्लेक्स-५, दोन्ही खूपच कमी निघाले. पंपच कमी झाले तर टर्बाइन जास्त ठेवून करायचं काय? कॉम्प्लेक्स-२ का घटला, याचं इतकं सरळ उत्तर मला तरी दिसत नाही. तो क्रेब्स चक्राचाही भाग आहे, तेव्हा चक्राचाच वेग उतरला असावा असा माझा कयास.

त्याच कापांत आणखी एक गोष्ट सापडली: १५० किलोडाल्टनच्या आसपासची लहान संकुलं, आणि त्यांत टाइप-२ एनएडीएच डिहायड्रोजनेज व अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज. वर म्हटलेली चोरवाट ती हीच. टाइप-२ डिहायड्रोजनेज हे एकेका प्रथिनाचं साधं यंत्र आहे. जनुक केंद्रकात, तुकडे नाहीत, पन्नास भागांची जुळणी नाही. एनएडीएच कडून इलेक्ट्रॉन घेऊन ते थेट साखळीत सोडतं. प्रोटॉन मात्र एकही ढकलत नाही. अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज दुसऱ्या टोकाला तेच करतो: कॉम्प्लेक्स-३ आणि ४ यांना वळसा घालून इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन मोकळा. ही वाट जवळपास सगळ्या वनस्पतींकडे असते. एरवी थंडीत, दुष्काळात, साखळी तुंबली की वापरायची. बांडगुळाने आडवाटेचाच हमरस्ता केला.

मग जगतं कशावर? हिरवी पानं आहेत, तेव्हा प्रकाशात हरितलवकं एटीपी देतात. पेशीद्रवात ग्लुकोज तोडून थोडं मिळतं. आणि यजमान झाडाच्या जलवाहिन्यांतून नुसतं पाणी-क्षार येत नाहीत, काही साखरा आणि अमिनो आम्लंही येतात. खर्चही बेताचा. व्हिस्कम आल्बमची फांदी वर्षाला एकदाच दुभंगते, म्हणून दुभंग मोजून झुडपाचं वय काढता येतं. घाई नाही कसली.

इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, परजीवी ना, आळशी झालं. मराठीत तर बांडगूळ ही शिवीच आहे, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याला अंमळ लवकर पटतो. (आपल्याकडे आंब्यावर दिसतं, ज्याची फळं फुलटोच्या खातो आणि बी फांदीला पुसतो, ते बांडगूळ बहुधा डेंड्रोफ्थी, वेगळ्या कुळातलं. व्हिस्कमचं कुळ चंदनाचं. चंदनही मुळांनी दुसऱ्या झाडातून घेतं, पण त्याला कोणी बांडगूळ म्हणत नाही.) आळसाचा हा सिद्धान्त अमरवेलीपाशी कोलमडतो. अमरवेलीला पानं नाहीत, मुळं नाहीत, हिरवेपणा नावापुरता. व्हिस्कमपेक्षा ती कितीतरी पटीने परावलंबी. तरी तिच्या मायटोकॉन्ड्रियात नॅड जनुकं शाबूत आहेत. रॅफ्लेशिया तर यजमानाच्या अंगातच राहते, तिच्याकडेही ती आहेत. उलट विचार केला तर हेच पटतं: प्रकाशसंश्लेषण सोडलेल्या परजीवीला एटीपीसाठी श्वसनावाचून दुसरा मार्गच नाही, ती हे यंत्र कसं टाकेल? टाकू शकतं ते ज्याच्याकडे हिरवं पान आहे आणि पाण्याची ददातही नाही ते.

माझ्या मते घटनाक्रम असा असावा. चोरवाट आधीपासून होती. यजमानाकडून कच्चा माल येत राहिल्याने ४० टक्क्यांचा तोटा प्राणावर बेतेना. मग त्या तुकड्या-तुकड्यांच्या जनुकांपैकी एखाद्याची जोडणी किंवा दुरुस्ती चुकली आणि निवड-दाबाने ती चूक गाळली नाही. एक भाग गेला की जुळणी अडली, जुळणी अडली की बाकीचे पन्नास भाग ठेवण्यात अर्थ उरला नाही. यंत्र जितकं जास्त भागांचं, तितकं ते एकदम जातं. थोडं थोडं जाण्याची सोय त्याच्यात नाही. व्हिस्कमच्या हरितलवकांतही एनडीएच नावाचं याच घराण्यातलं संकुल होतं. त्याचीही जनुकं गेली किंवा निकामी झाली आहेत.

२०२२ मध्ये हॅनोव्हरच्या गटाने केंद्रकाच्या त्या अवाढव्य जीनोमला बगल देऊन नुसते आरएनए वाचले. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तोडलेल्या वेगवेगळ्या अवयवांमधून ३२,०६४ प्रथिनांची यादी तयार झाली. २०१८ ची मापं ॲराबिडॉप्सिसच्या यादीशी ताडून केलेली होती, ती आता बांडगुळाच्या स्वतःच्या यादीशी पुन्हा ताडली. मायटोकॉन्ड्रियातली जवळजवळ दोनशे प्रथिनं नव्याने ओळखू आली. त्यांत कॉम्प्लेक्स-१ शी नातं असलेली चार निघाली. वर्गात हा आकडा सांगितला की एखादा हात लगेच वर होतो, ‘सर, म्हणजे आहे की थोडं?’ मग चौघांची कामं बघायची. चौघांनाही पेशीत दुसरी नोकरी होती, आणि त्या नोकरीवरच ती टिकली होती.